मासा विकताना उन्हाळाही सांगा

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा या आमच्या जिल्ह्यातील बाजारपेठांत एक शौक चांगलाच रुजला आहे. कापडाचे दुकान असो, सराफी पेढी असो, दवाखाना असो की मोबाइलचे दुकान, गल्ल्याशेजारी काचेची पेटी आणि तीत रंगीत मासे दिसतात. मुलांच्या हट्टापायी घरोघरीही फिश टँक आले आहेत. पेटीपाशी गिऱ्हाईक चार मिनिटे रेंगाळते, रडणारे मूल गप्प होते, दुकानाला शोभा येते. यात गैर काहीच नाही. आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे, आमच्याही दुकानात दोन फुटी पेटी आहे. परंतु दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत या पेट्यांचे जे होते त्याविषयी बाजारात कोणी उघड बोलत नाही. म्हणून हे चार शब्द.

होते ते असे. लग्नसराईच्या तोंडावर दुकान सजवायचे म्हणून मार्च महिन्यात पेटी घेतली जाते. विकणारा पेटी, दिवा, पंप, रंगीत खडे, डझनभर मासे आणि वर एक हीटरही बांधून देतो. एप्रिल सरतो, पारा चाळिशी ओलांडतो आणि मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. एके सकाळी शटर उघडावे तो दोन-चार मासे उलटे तरंगताना दिसतात. नोकर ते गुपचूप काढून टाकतो, संध्याकाळपर्यंत नवे येतात आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही. मेलेला मासा काढून त्या जागी नवा सोडला की पेटी भरलेली दिसते, पण वहीत तोटा राहतोच. असे दोन-तीनदा झाले की मालकाचा जीव विटतो. पाऊस पडेपर्यंत पेटी रिकामी होते आणि दिवाळीच्या साफसफाईत ती जुन्या खोक्यांबरोबर गच्चीवर जाते.

मासे विकणारा म्हणतो, गिऱ्हाइकाला सांभाळता आले नाही. गिऱ्हाईक म्हणते, मालच कच्चा होता. आमच्या मते दोघेही मूळ गोष्ट सोडून बोलतात. धाराशिवच्या उन्हाळ्यात या पेटीचे काय होणार हे विकताना सांगितले गेले नाही, हे खरे दुखणे आहे. ते सांगितले असते तर इलाज फारसा महाग नव्हता. उलट आमच्या कोरड्या हवेत तो मुंबईपेक्षा सोपा आहे.

पाणी तापले की काय होते

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. पाणी जितके गार तितका त्यात प्राणवायू अधिक मावतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सियसच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू राहतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो आणि ३५ अंशांना ७ च्या घरात. धाराशिव शहर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून आमच्या पाण्यात हे आकडे आणखी थोडे खाली येतात.

म्हणजे आवक घटली. त्याच वेळी खर्च वाढतो. माशाचे रक्त आपल्यासारखे एकाच तापमानाला राहत नाही. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते, आणि दहा अंशांच्या वाढीमागे त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. ज्या दुकानात आवक घटते आणि खर्च दुप्पट होतो त्याचे दिवाळे निघायला किती दिवस लागतात हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट अमोनियाची. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याचा विषारी भाग पाण्याच्या उष्णतेबरोबर आणि क्षारतेबरोबर वाढतो. आमच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड आणि क्षारयुक्त असते. थंडीत जी घाण मासा सहन करतो तीच मे महिन्यात त्याचा जीव घेते. उन्हाळ्यात मासे मेले की लोक रोग आला म्हणून निळे-पिवळे औषध ओततात. मासे वर येऊन तोंड उघडत असतील आणि कल्ले भराभर हलत असतील तर औषधाआधी तापमापक पाण्यात घालावा. काचेचा साधा तापमापक फार महाग नसतो. तरीही दहा पेट्यांपैकी एकीतही तो सापडेल की नाही याची आम्हाला शंका आहे.

उष्ण प्रदेशातील मासा म्हणजे पत्र्याखालचा मासा नव्हे

काही दुकानदार सांगतात की हे मासे मुळात उष्ण प्रदेशातीलच आहेत, त्यांना ऊन काय करणार? हे अर्धे खरे आहे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ओढे उष्ण प्रदेशात आहेत खरे, पण त्यांवर घनदाट झाडीची सावली असते आणि पाणी वाहते असते. एंजलसारखा मासा २४ ते ३० अंशांत खुशीने राहतो. निऑन टेट्राला २६ च्या आतले पाणी मानवते. गोल्डफिश तर मूळचा चीनकडील थंड पाण्याचा मासा. त्याला १८ ते २४ अंश पुरेत, आणि आमच्याकडे सर्वांत जास्त विकला जातो तो हाच, तोही काचेच्या वाटोळ्या भांड्यात! डिस्कस २८ ते ३० अंश मागतो, पण त्याला पाणी अत्यंत स्वच्छ लागते. तापलेल्या आणि घाण पाण्यात तोही टिकत नाही.

काही मासे मात्र पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकतात. गोरामी आणि फायटर हे त्यांपैकी. आमच्या मासळीबाजारात मरळ टोपलीत बराच वेळ जिवंत राहते ती याच गुणामुळे. आमच्या हवेत उन्हाळ्यात नवी पेटी सुरू करायचीच असेल तर गोरामीसारखे काटक मासे थोडे घ्यावेत, आणि नाजूक मासे पावसाळा उतरल्यावर. हे ज्ञान विकणाऱ्याजवळ असते. ते गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही एवढेच.

पेटीच्या आकाराचीही बाब आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत जेमतेम ५० लिटर पाणी मावते. दुपारी पत्रा तापला, शटर ओढले, पंखा बंद झाला की एवढे पाणी काही तासांत खोलीच्या उष्णतेच्या जवळ जाते. तीन-चार फुटी पेटीला तापायला जास्त वेळ लागतो आणि तोवर ऊन कलते. छोटी पेटी स्वस्त पडते हा समज थंडीपुरता खरा आहे.

इलाज आमच्या हवेतच आहे

आता इलाजाकडे येऊ. आपल्या घरातला माठ पाणी कसे गार करतो? मातीतून पाणी झिरपते, बाहेरच्या कोरड्या हवेत उडून जाते आणि उडताना मागच्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आमच्याकडचा खिडकीतला कूलर याच हिशेबावर चालतो. माशांच्या पेटीलाही तोच न्याय लागू आहे.

एक लिटर पाणी वाफ होऊन उडते तेव्हा ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेते. बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरले तर ५० लिटरची पेटी एवढ्याने ११ अंशांहून अधिक उतरेल. प्रत्यक्षात खोलीची उष्णता सतत आत येत राहते, म्हणून पंखा लावून साधारण दोन ते चार अंश पदरात पडतात. दोन ते चार अंश म्हणजे थोडे वाटेल, पण ३४ चे ३१ होणे म्हणजे बहुतेक माशांच्या बाबतीत मरण आणि जगणे यांतील अंतर आहे.

येथे धाराशिवचा फायदा पाहा. दुपारी हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर वाऱ्यात धरलेले ओले फडके सुमारे २३ अंशांपर्यंत गार होऊ शकते. मुंबईत हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर तेच फडके २८ च्या खाली जात नाही. म्हणजे ज्या कोरड्या झळांना आम्ही शिव्या देतो त्याच झळा पाण्याला गार करण्यात मुंबईच्या दमट हवेपेक्षा सरस आहेत. मोठ्या शहरातील लोक पाणी थंड करणारे महागडे यंत्र घेतात. आम्ही त्यांची नक्कल करून यंत्राची किंमत विचारतो आणि परवडत नाही म्हणून हात झटकतो. आमच्या गरजेपुरते काम एका छोट्या पंख्याने होते.

करावयाचे ते एवढेच. पेटीवरचे काचेचे किंवा प्लास्टिकचे झाकण काढावे आणि खिडकीला लावतात तशी जाळी ताणून बसवावी, म्हणजे मासा उडी मारून बाहेर पडणार नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लहान पंखा तिरका बांधावा. जुन्या संगणकातील १२ व्होल्टचा पंखा ॲडॅप्टरवर चालवला तरी पुरतो आणि तो दोन-तीन वॅटच खातो. पंखा पाण्यात पडणार नाही असा पक्का बांधावा. वायर सॉकेटच्या खाली थोडी लोंबती ठेवावी, म्हणजे थेंब वायरीवरून सॉकेटात जात नाहीत. हवेचा पंप दिवस-रात्र चालू ठेवावा, कारण पृष्ठभाग जितका हलता तितका प्राणवायू जास्त मिसळतो. असा पाच वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी विजेचे जेमतेम सव्वा दशांश युनिट लागते. पाण्यात बुडवून ठेवायचे मोठे पंप आपली उष्णता पाण्यातच सोडतात. उन्हाळ्यापुरता बाहेर ठेवायचा हवेचा पंप बरा.

याबरोबर चार गोष्टी बंद कराव्यात. हीटरची पिन सॉकेटातून काढून ठेवावी, नुसते बटण बंद करण्यावर भरवसा ठेवू नये. पेटीवरचा दिवा संध्याकाळी दोन-तीन तासांपलीकडे लावू नये. जुनी ट्यूब असेल तर ती बदलून एलईडी घ्यावी, कारण ट्यूबचा चोकही तापतो. खाद्य निम्म्यावर आणावे. धडधाकट मासा दोन दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, परंतु उरलेले खाद्य पाणी नासवते. आणि पेटी पश्चिमेच्या उन्हात, शटरला लागून किंवा फ्रिजच्या मागच्या गरम जाळीजवळ असेल तर हलवावी.

कापडवाल्याचे दोन शब्द

कापडाचा धंदा असल्याने एक उपाय आम्ही खात्रीने सांगू शकतो. पेटीच्या मागील आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून ओले सुती कापड लावले आणि त्याचे खालचे टोक ताटातील पाण्यात बुडवून ठेवले तर कापड पाणी वर ओढत राहते आणि काच गार राहते. यासाठी मांजरपाट उत्तम. टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर सुतासारखे पाणी ओढत नाही, त्यावर मेहनत वाया जाते. नवे मांजरपाट मात्र तसेच लावू नये. त्याला खळ असते. दोन-तीनदा गरम पाण्यात धुवावे, मगच ते नीट पाणी पिते. रंगीत किंवा छापील कापड वापरू नये, आणि कापडाचे टोक पेटीच्या आतल्या पाण्यात कधीही सोडू नये. कच्चा रंग आणि खळ ही माशाला बाधणारी आहेत. ताटातले पाणी वेगळे आणि पेटीतले पाणी वेगळे, हा नियम पाळावा.

बर्फ, एसी आणि गच्चीवरची टाकी

मासे वर आलेले पाहून घाबरलेला माणूस सरळ बर्फाचे खडे पेटीत टाकतो. हे टाळावे. तापमान तासाला एक-दोन अंशांहून अधिक उतरले तर माशाला उष्णतेइतकाच त्या धक्क्याचाही त्रास होतो. बर्फ वापरायचाच तर झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत पाणी गोठवून ती बाटली तरंगती ठेवावी. हिशेब असा की एक लिटर बर्फ वितळून पेटीच्या पाण्याइतका होईपर्यंत ११० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता घेतो, म्हणजे ५० लिटर पाणी दोन अंशांनी उतरते. उडून गेलेले एक लिटर पाणी याच्या पाचपट काम करते. म्हणून पंखा हा रोजचा इलाज आणि बर्फाची बाटली हा अडीअडचणीचा.

अशी अडचण येते ती बहुधा रोहिणी आणि मृगाच्या दरम्यान. मे महिन्याच्या अखेरीस आभाळ भरते, हवा दमट होते, पाऊस मात्र पडत नाही. कूलर नुसता दमट वारा फेकतो हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. त्या दिवसांत पेटीचा पंखाही कमजोर पडतो. एप्रिल आणि मे पार केलेले मासे जूनच्या पहिल्या आठवड्यात मरतात ते यामुळे. त्या आठ-पंधरा दिवसांत बाटल्या गोठवून तयार ठेवाव्यात.

एसीविषयी एक शब्द. ज्या दुकानात दिवसा एसी चालतो तेथे मासे सुखी असतील असे वाटते. पण रात्री नऊला एसी बंद, शटर बंद, आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात. पाणी दिवसा २६ आणि पहाटे ३२ असे वरखाली होत राहिले तर मासा अशक्त होतो. एसी असो वा नसो, रात्री पंखा आणि पंप चालू राहिले पाहिजेत. वीज गेली तर पंप चालावा म्हणून सेलवर चालणारा छोटा पंप मिळतो, किंवा दुकानाच्या इन्व्हर्टरवर पंपाची एक वायर घ्यावी. पाच वॅटने इन्व्हर्टर बसत नाही.

पेटीत भर घालायचे पाणी दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून घेऊ नये, मे महिन्यात ते हात भाजेल इतके तापलेले असते. पहाटे बादलीत काढून उघडे ठेवावे. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ते एक दिवस उघडे ठेवल्याखेरीज किंवा क्लोरीन मारणारे थेंब टाकल्याखेरीज माशांच्या अंगावर घालू नये.

पाण्याची उधळपट्टी आहे काय?

येथे आमचा एखादा वाचक विचारील की ज्या जिल्ह्यात माणसे घागरीसाठी रांगा लावतात तेथे माशांसाठी पाणी उडवायचे हे कोणत्या हिशेबात बसते? प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले हे आम्ही विसरलेलो नाही, आणि त्या वर्षी आमच्या जिल्ह्याचीही हालत वेगळी नव्हती.

उत्तर असे की दोन फुटी पेटीतून पंखा लावून दिवसाला एखादा-दीड लिटर पाणी उडते. याउलट मासे मेले म्हणून पेटी रिकामी करून धुतली तर ५० लिटर पाणी एका फटक्यात गटारात जाते, आणि आमच्या बाजारात हे दर पंधरा दिवसांनी घडते. जो पेटी नीट राखतो तोच पाणी वाचवतो. उडालेल्या पाण्याबरोबर क्षार उडत नाहीत, ते मागे साठतात. म्हणून नुसती भर न घालता आठवड्याला पाच-सात लिटर पाणी बदलावे. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, झाडांना ते खतासारखे मानवते. आणि ज्या वर्षी टंचाई खरोखर गळ्याशी येईल त्या वर्षी पेटी सुरूच करू नये. शौक हा सवडीचा विषय आहे.

काही लोक उन्हाळ्यात कंटाळून मासे विहिरीत, तळ्यात किंवा धरणात सोडून देतात आणि आपण जीव वाचवला असे समजतात. हे फार नुकसानीचे आहे. पेटीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा अशाच मार्गाने उजनी धरणात पसरला आणि तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांना आणि पोटाला त्याची झळ बसली. सांभाळता येत नसेल तर मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या शौकिनाला द्यावेत. पाण्यात सोडू नयेत.

जुन्या लोकांची रीत

मराठवाड्याच्या उन्हात मासे जगतच नाहीत असे कोणी म्हणत असेल तर त्याने पंचक्की पाहावी. पूर्वीचे औरंगाबाद, २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, तेथे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही जागा आहे. शहराबाहेरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणले, उंचावरून हौदात पाडले, आणि हौदाखाली दालन बांधले. वर पाणी असल्याने ते दालन भर उन्हाळ्यात गार राहते. हौदातले मासे पाहायला मुले कठड्यावर ओणवी झालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. बाजूला मोठा वटवृक्ष आहे.

या रचनेत आजच्या पेटीवाल्याला हवे ते सर्व आले. पाणी पुष्कळ, म्हणून ते लवकर तापत नाही. नळ जमिनीखालून, म्हणून येणारे पाणी गार. पाणी उंचावरून पडते, म्हणून त्यात हवा मिसळते. वर उघडे, म्हणून वाफ उडते. जवळ झाड, म्हणून सावली. पुष्कळ मशिदींच्या हौदांत मासे राखण्याचा रिवाज होता, तेथेही खोल पाणी, सावली आणि रोजची ताजी भर हेच सूत्र असे. विजेचा पत्ता नसताना ज्यांनी हे जाणले त्यांच्या प्रदेशात आम्ही वीज, पंप आणि तापमापक हाताशी असूनही दर मे महिन्यात मासे मारतो, ही गोष्ट आम्हाला शोभत नाही.

दुकानदार बंधूंना विनंती

आता मूळ मुद्दा. आमच्या कापडाच्या धंद्यात एक जुना दस्तूर आहे. सुती कापड धुतल्यावर आटणार असेल तर दुकानदार आधीच सांगतो, "पाव मीटर जास्त घ्या." रंग कच्चा असेल तर सांगतो, "वेगळे धुवा." असे सांगितल्याने एखादा सौदा मोडतो, पण ते गिऱ्हाईक पुढच्या ईदला आणि पुढच्या लग्नाला पुन्हा आपल्याच पायरीवर येते. मासा तर जिवंत माल आहे. कापड आटले तर सदरा तोकडा होतो, मासा न सांगता विकला तर जीव जातो.

शोभेच्या माशांचा व्यापार लहान राहिलेला नाही. चेन्नईचे कोळत्तूर आणि कोलकात्याचा परिसर या मालाची मोठी केंद्रे आहेत. मुंबईत कुर्ल्याचा बाजार प्रसिद्ध आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनालाही जागा मिळाली. आमच्या तरुणांना थोड्या भांडवलात या धंद्यात शिरता येईल. परंतु दर उन्हाळ्यात गिऱ्हाईक तुटत असेल तर धंदा वर्षाचे आठ महिनेच चालणार आणि त्याचे नाव खराब होणार. २०१७ साली केंद्र सरकारने माशांच्या दुकानांसाठी आणि पेट्यांसाठी नियम काढले होते, व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि पुढे ते मागे घेतले गेले. सरकारचा नियम नको असेल तर बाजाराने आपला नियम आपण पाळावा. नियम नको आणि जबाबदारीही नको, हे दोन्ही एकदम मागता येत नाही.

म्हणून मासे विकणाऱ्या बंधूंना आमच्या सूचना अशा. मार्च ते जून या काळात पेटीबरोबर हीटर बांधू नये, त्याऐवजी तापमापक आणि लहान पंखा द्यावा. नफा त्यातही आहे. गोल्डफिश आणि निऑनसारखे मासे एप्रिल-मेमध्ये नव्या गिऱ्हाइकाला विकू नयेत, "पाऊस पडल्यावर या" असे सांगावे. ५० लिटरच्या पेटीत थंडीत जितके मासे देता त्याच्या निम्मेच उन्हाळ्यात द्यावेत. नवा माल दुपारच्या एसटीने न आणता रात्रीच्या गाडीने आणावा. आणि मराठी-उर्दूत छापलेली एक चिठ्ठी प्रत्येक पेटीबरोबर द्यावी, त्यात पाच ओळी पुरेत: झाकण काढा, पंखा लावा, पंप चालू ठेवा, खाद्य निम्मे करा, ३० च्या वर पारा गेला की लक्ष द्या. ही चिठ्ठी छापायला एका मेलेल्या माशाच्या किमतीइतकाही खर्च येत नाही.

गिऱ्हाइकांनाही एक सांगणे. पेटी घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "मे महिन्यात याचे काय करू?" जो नीट उत्तर देईल त्याच्याकडून चार पैसे जास्त देऊन घ्या. जो हसून म्हणेल, "काही होत नाही, मेले तर नवे न्या," त्याची पायरी उतरा. आणि ज्यांचे दुकान लग्नसराई संपल्यावर आठ-आठ दिवस बंद असते, ज्यांच्याकडे रोज पाण्यात डोकावणारे कोणी नाही, त्यांनी भिंतीवर चांगले चित्र लावावे. त्यानेही शोभा येते आणि त्याला उन्हाळा बाधत नाही.